मार्चमध्ये कुठे असता? शिकागोच्या मराठी मतदारांना खुले पत्र

नमस्कार मंडळी,

दर चार वर्षांनी दिवाळीच्या फराळाला जमलो की एक वाक्य हमखास कानावर येतं. हातात चकली असते, टीव्हीवर अमेरिकेचा नकाशा लाल-निळा होत असतो, आणि कुणीतरी म्हणतं, "तेहतीस कोटींच्या देशात यांना हीच दोन माणसं सापडली?" सगळे माना डोलावतात. कुणी "दगडापेक्षा वीट मऊ" म्हणतं, कुणी चहा किती जणांना हवा ते मोजतं, आणि विषय मुलांच्या कॉलेजवर जातो.

2024 मध्ये हे वाक्य आमच्याच घरी, आमच्याच सोफ्यावर बसून बोललं गेलं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "मार्चमध्ये कुठे होतात?"

"मार्चमध्ये काय असतं?"

मार्चमध्ये इलिनॉयची प्रायमरी असते, म्हणजे नोव्हेंबरात पक्षाकडून कोण उभं राहणार ते ठरवणारं मतदान. असं विचारणारे गृहस्थ 22 वर्षं इलिनॉयमध्ये राहतात आणि नागरिक झाल्यापासून त्यांनी नोव्हेंबरातलं एकही मतदान चुकवलेलं नाही. हे पत्र त्यांना आहे, पण त्यांच्या एकट्यासाठी नाही. शॉमबर्गपासून ऑरोरापर्यंत, गणपतीच्या आरतीला जे जे भेटतात त्या सगळ्यांना आहे.

मी मूळची सांगलीकडची, 1998 पासून इथे. नागरिक झाल्यानंतर काही निवडणुकांत मतदान केंद्रावर 'इलेक्शन जज' म्हणून बसले. नाव भारदस्त आहे, काम वर्गाच्या मॉनिटरचं. पहाटे पाचच्या सुमारास थर्मास घेऊन पोचायचं, सहाला दार उघडायचं, संध्याकाळी सातला बंद करायचं. मधल्या तेरा तासांत नावं शोधायची, सह्या ताडायच्या आणि मतपत्रिका हातात द्यायची. नोव्हेंबरात हे सोपं असतं, कारण मतपत्रिका सगळ्यांना सारखीच. मार्चमध्ये मात्र प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा लागतो: कुठल्या पक्षाची?

इलिनॉयमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष विचारत नाहीत. तो प्रायमरीच्या दिवशी टेबलासमोर उभं राहून तोंडाने सांगावा लागतो. आपल्या लोकांची तिथेच पंचाईत होते. एका मार्चमध्ये आपल्यातलेच एक काका आले. मला बघून खूश झाले, मराठीतच बोलायला लागले. प्रश्न विचारल्यावर मागे रांगेकडे एकदा बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "दोन्ही द्या ना, बघून ठरवतो." दोन्ही देता येत नाहीत म्हटलं. "मग तुम्हीच सांगा कुठली घेऊ." तेही मला सांगता येत नाही म्हटलं. काकांनी टोपी परत डोक्यावर चढवली. "बरं, मग नोव्हेंबरातच येतो," म्हणाले आणि खरंच गेले. बाहेर बर्फ भुरभुरत होता. एवढ्या थंडीत गाडी काढून, पार्किंग शोधून आलेला माणूस एका प्रश्नाला बिचकून परत जातो, हे मला अजून खुपतं.

बिचकण्याचं कारण मला कळतं. तुम्ही कुठल्या पक्षाची मतपत्रिका घेतलीत याची नोंद राहते आणि प्रचार करणाऱ्यांना ती मिळते. मग घरी पत्रकं येतात, फोन येतात. पण मत कुणाला दिलंत याची नोंद कुठेच नसते. यंदा एका पक्षाची घेतली म्हणून पुढच्या खेपेला तीच घ्यायची असंही नाही. आमच्या घरात मी एका पक्षाची घेते आणि नवरा दुसऱ्याची, आणि संसार चालू आहे.

मला वाटतं, बिचकण्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे. आपण ज्या राजकारणात वाढलो तिथे तिकीट वरून येतं. यादी मुंबईत ठरते, तीवर दिल्लीत शिक्का बसतो, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी खिशातून एबी फॉर्म निघतो. ज्याला मिळाला तो गुलाल उधळतो, ज्याला नाही तो बंडखोरी करतो किंवा त्याची समजूत काढली जाते. या सगळ्यात तुम्हाआम्हाला कुणी काही विचारत नाही. 2014 मध्ये काँग्रेसने लातूर आणि वर्ध्यासह मोजक्याच मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला, पण त्यातही मतदान होतं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचं. दोन्ही ठिकाणी पक्ष पडला आणि प्रयोगाचं नाव पुन्हा फारसं कुणी काढलं नाही. त्यामुळे उमेदवार म्हणजे पावसासारखी गोष्ट, येईल तो सोसायचा, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. इथे येऊन पासपोर्ट बदलला तरी ती सवय राहिली.

गंमत अशी की आपण ज्या शहरात राहतो तिथेच ही सवय मोडली गेली, आणि ती सुखासुखी मोडली नाही.

राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी पक्ष-अधिवेशनं शिकागोत जितकी भरली तितकी अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही शहरात भरली नाहीत. 1860 मध्ये 'विगवॅम' नावाच्या लाकडी सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. पहिल्या फेरीत न्यूयॉर्कच्या सेवर्ड यांना 173½ मतं, लिंकनना 102. तिसऱ्या फेरीअखेर लिंकन 231½ वर आले आणि लागत होती 233. दीड मताची कसर. ओहायोच्या प्रतिनिधींपैकी एकाने उठून सांगितलं की आमची 4 मतं लिंकनकडे फिरली. झालं. सामान्य मतदाराचा यात काही संबंध नव्हता. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, आपल्या इलिनॉयचीसुद्धा, आणि उमेदवारी शिकागोतल्याच अधिवेशनात मिळाली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना. 1920 मध्ये ब्लॅकस्टोन हॉटेलच्या खोलीत सिगारच्या धुरात पुढाऱ्यांची खलबतं झाली आणि दहाव्या फेरीत हार्डिंग पुढे आले. ते हॉटेल अजून मिशिगन ॲव्हेन्यूवर आहे. पाहुण्यांना डाउनटाउन दाखवताना आपण त्याच्यासमोरून दहा वेळा गेलो असू.

आणि मग 1968. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी माघार घेतलेली, उमेदवारीसाठी लढणाऱ्या रॉबर्ट केनेडींची हत्या झालेली. ऑगस्टमध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक अधिवेशन भरलं आणि उमेदवारी मिळाली उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्रींना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. युद्धाविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमेदवारांना प्रायमऱ्यांत मतं पडली होती, पण बहुतेक डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवाराला मत देणारे प्रतिनिधी, राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या खिशात होते. बाहेर पोलिसांनी तरुण पोरांना झोडपलं, आणि ते देशाने टीव्हीवर पाहिलं. आत महापौर रिचर्ड डेली पहिल्या रांगेत बसून ओरडत होते. हम्फ्री नोव्हेंबरात निक्सनकडून हरले.

त्या लाजेतून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला. त्याने डेमोक्रॅटिक पक्षाला नियम घालून दिले: डेलिगेट कसे निवडले हे आधी जाहीर करा, बंद दाराआड निवडू नका, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय यांना वाटा द्या. एवढे नियम पाळायचे तर सरळ प्रायमरी घेणं सोपं, असा विचार करून राज्यामागून राज्यं प्रायमरीकडे वळली. काही वर्षांत रिपब्लिकन पक्षही त्याच रस्त्याला लागला. आज आपण जी पद्धत पाहतो ती घटनेत लिहिलेली नाही. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षांनी कसा निवडावा याबद्दल अमेरिकेच्या घटनेत अवाक्षर नाही. ती या शहरातल्या एका मारामारीतून आली.

तिचा पुढचा अंक तर मला फारच आवडतो. 1972 मध्ये डेली आणि त्यांची माणसं, एकूण 59 डेलिगेट, यांना मायामी बीचच्या अधिवेशनात बसूच दिलं नाही. त्यांची यादी बंद दाराआड ठरली, नियमांप्रमाणे स्त्रिया आणि कृष्णवर्णीय त्यात नाहीत, असा आक्षेप होता. त्यांच्या जागी कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांच्या गटाला बसवलं. शिकागोच्या महापौराला त्याच्याच पक्षाने असं बाहेर ठेवावं! पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मला सोडवत नाही. डेलींची माणसं मार्चच्या प्रायमरीत मतं घेऊन निवडून आलेली होती. मग मतदारांचं काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1975 मध्ये निकाल लागला की अधिवेशनात कुणाला बसवायचं हे पक्षाने ठरवायचं. म्हणजे पक्ष हा आपल्या मंडळासारखाच आहे, घटना त्याची, सभासद त्याचे. त्याने दार उघडं ठेवलंय, आत मात्र आपल्यालाच जावं लागतं.

आता डेलिगेटकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

मार्चच्या मतपत्रिकेवर वरच्या बाजूला राष्ट्राध्यक्षपदासाठी इच्छुकांची नावं असतात. आपण तिथे एक लंबगोल काळा करतो आणि खाली सरकतो. खाली एक यादी असते, अनोळखी नावांची, आणि प्रत्येक नावापुढे कंसात तो कुणाच्या बाजूचा ते लिहिलेलं. हे डेलिगेट. हीच माणसं उन्हाळ्यात अधिवेशनाला जातात आणि उमेदवाराला खरं मत देतात. विमानाचं तिकीट आणि हॉटेल सहसा स्वतःच्या खिशातून. कुणी शाळेत शिकवतं, कुणी युनियनमध्ये असतं, कुणी वीस वर्षं दारोदार पत्रकं वाटलेली असतात.

दोन्ही पक्षांचा हिशोब वेगळा आहे. डेमोक्रॅटिक पक्षात वरचं मत वाटा ठरवतं आणि खालची मतं त्या वाट्यात माणसं कोणती ते ठरवतात. वाटा मिळायला किमान 15 टक्के मतं लागतात. एखाद्या मतदारसंघात 4 डेलिगेट असतील आणि निकाल 60-40 लागला, तरी दोघांना दोन-दोनच मिळतात. तीन-एक व्हायला दोघांच्या लढतीत साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. तेच 5 डेलिगेट असतील तर 51-49 लाही तीन-दोन होतं. म्हणून प्रचाराची माणसं विषम आकड्याच्या मतदारसंघात मुक्काम ठोकून बसतात. रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम बदलतो. 2016 मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्पना साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि राज्याचे सगळे 50 डेलिगेट मिळाले. आपल्या इलिनॉयमध्ये रिपब्लिकन पक्ष प्रत्येक काँग्रेशनल मतदारसंघातून 3 डेलिगेट थेट नावावर निवडतो. तिथे वरचं मत बाजूला राहतं आणि ज्या तिघांच्या नावापुढचे लंबगोल सर्वांत जास्त काळे झाले ते जातात.

आता 2016 च्या मार्चमध्ये आपल्याच पश्चिम उपनगरांतल्या सहाव्या मतदारसंघात काय झालं ते ऐका. ट्रम्प यांच्या बाजूने तिघं उभे होते. तिघांच्याही नावापुढे कंसात तेच एक नाव. दोघांची नावं इथल्या कानाला सरावाची, तिसऱ्याचं दक्षिण आशियाई मुस्लिम वळणाचं. ट्रम्पना मत देणाऱ्याने तिघांपुढे खूण करावी हे उघड होतं. पण तिसऱ्याला इतर दोघांपेक्षा काही हजार मतं कमी पडली आणि ती जागा हातची गेली. दुसऱ्याही काही मतदारसंघांत हाच नमुना दिसला. ज्याला जिंकवायला लोक आले होते त्याचंच नुकसान त्यांनी केलं, कारण एक नाव वाचताना हात अडखळला.

तुमची राजकीय बाजू कुठलीही असो, त्या तिसऱ्या नावाच्या जागी स्वतःचं आडनाव ठेवून बघा. कुलकर्णी ठेवा, गायकवाड ठेवा, शेख ठेवा. आपण म्हणतो की खाली कोण वाचतंय ती यादी. वाचतात हो. वाचून गाळतात.

दुसरी गोष्ट आमच्या फ्रिजवरची. 2024 च्या मार्चमध्ये माझा मुलगा 17 वर्षांचा होता. नोव्हेंबरातल्या निवडणुकीपर्यंत 18 पूर्ण होणार असतील तर इलिनॉयमध्ये प्रायमरीला मत देता येतं, हे त्याला शाळेत कळलं होतं. मला आधी खरं वाटलं नाही. त्याने दोन्ही पक्षांच्या नमुना मतपत्रिका छापून फ्रिजवर चिकटवल्या, पंढरपूरच्या विठोबाच्या मॅग्नेटखाली एक आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या मॅग्नेटखाली दुसरी. आठवडाभर दूध काढायला गेलं की ती नावं दिसायची. 19 मार्चला तो जाऊन मत देऊन आला, छातीवर स्टिकर लावून. गाडीत म्हणाला, "आई, त्या खालच्या लोकांना कुणी ओळखतं का?" मी म्हटलं, अरे ती औपचारिकता असते, उमेदवार ठरलेला आहे, ते फक्त जाऊन टाळ्या वाजवणार.

21 जुलैचा रविवार आठवतो? दुपारी आम्ही मागच्या अंगणात कणसं भाजत होतो. फोन वाजायला लागले. बायडेननी माघार घेतली. सगळे एकदम बोलायला लागले, कुणी म्हणे आता पुन्हा प्रायमरी, कुणी म्हणे कोर्टात जाणार. मुलगा आत गेला आणि विठोबाखालचा कागद काढून घेऊन आला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्या अनोळखी नावांवर बोट ठेवून म्हणाला, "आता हेच ठरवणार ना?"

होय, तेच. देशभरातले सुमारे 4 हजार डेलिगेट एका दुपारी मोकळे झाले. सोमवारी रात्रीपर्यंत कमला हॅरिस यांच्या मागे पुरेसे डेलिगेट उभे असल्याच्या बातम्या आल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला डेलिगेटनी ऑनलाइन मतदान करून हॅरिस यांची उमेदवारी पक्की केली, आणि 19 ऑगस्टपासून शिकागोत युनायटेड सेंटरमध्ये अधिवेशन झालं ते त्यानंतरचा सोहळा म्हणून. यातली कमाल बघा. हॅरिस 2019 मध्ये उभ्या होत्या, पण पहिल्या राज्यात मतदान व्हायच्या आधीच, डिसेंबरात, त्यांनी माघार घेतली होती. 2024 मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रायमरीत नव्हत्याच. एका मोठ्या पक्षाची उमेदवारी त्यांना मिळाली ती फक्त त्या खालच्या नावांच्या मतांवर.

हे नियमात बसणारं होतं. डेमोक्रॅटिक नियमांत डेलिगेटने आपल्याला निवडणाऱ्यांच्या भावना सद्सद्विवेकाने मांडाव्यात एवढंच म्हटलंय, आणि ज्याच्यासाठी निवडलं तोच बाजूला झाल्यावर दुसरं ते काय करणार होते? तरी मनात खटकलं, ते खोटं कशाला बोलू. 1968 ची आठवण या शहरात राहून येणारच. पण तेव्हाच्या डेलिगेटना पुढाऱ्यांनी निवडलं होतं. यांना आम्ही निवडलं होतं, आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला धड आठवत नव्हतं. मी 'टाळ्या वाजवणार' म्हटलं होतं. मुलाने ते वाक्य मला अजून विसरू दिलेलं नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. आपल्यापर्यंत पंगत येईस्तोवर पातेली पुसलेली असतात. खरं आहे. 2024 मध्ये 12 मार्चलाच बायडेन आणि ट्रम्प दोघांनीही लागणारे डेलिगेट गाठले आणि आपलं मतदान बरोबर एका आठवड्याने होतं. आपल्या बैठकीत ज्यांच्यावरून कडाक्याची भांडणं झाली ते रिपब्लिकन इच्छुक विवेक रामस्वामी सर्वांत आधी मतदान झालेल्या आयोवा राज्यानंतर, जानेवारीतच, बाजूला झाले होते. त्याच पक्षाच्या निकी हेली 6 मार्चला. आयोवातली डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं 2020 पर्यंत शाळेच्या जिममध्ये आपापल्या उमेदवाराचे कोपरे धरून उभी राहायची, ज्या कोपऱ्यात 15 टक्के जमले नाहीत तिथल्यांना शेजारचे कोपरे हाका मारून ओढायचे, आणि एवढं करून त्या वर्षी ॲप बिघडल्यामुळे निकालही कळेना. अशा ठिकाणी उमेदवार महिनोन्महिने मुक्काम करतात आणि सव्वा कोटींच्या इलिनॉयला विमानतळावरून हात हलवून जातात. मला याचा राग येतो.

पण हा क्रम कुणी दगडावर कोरलेला नाही. 2008 मध्ये ओबामांसाठी आपल्याच विधिमंडळाने प्रायमरी मार्चवरून 5 फेब्रुवारीला आणली होती. 2024 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायर ऐकेना, त्यांनी आधी मतदान घेतलं, बायडेनचं नाव छापलेलंच नसताना लोकांनी हाताने लिहून त्यांना जिंकवलं. ज्या राज्यातले लोक तावातावाने भांडतात त्यांच्या तारखेची पक्षाला दखल घ्यावी लागते. मार्चमध्ये घरी बसणाऱ्यांसाठी कुणी तारीख हलवत नाही.

शिवाय मार्चची मतपत्रिका राष्ट्राध्यक्षापाशी संपत नाही. आपल्यातल्या पुष्कळांना श्री ठाणेदार माहीत आहेत, बेळगावकडचे, मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेवर गेलेले. 2018 मध्ये ते गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरले. ऑगस्ट 2022 मध्ये डेट्रॉइटच्या जागेसाठी प्रायमरीत नऊ जण होते. ठाणेदारांना 28 टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तेवढ्यावर ते जिंकले, कारण बाकीची मतं आठ जणांत वाटली गेली. तो मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक की नोव्हेंबरातली निवडणूक नावापुरती होती. ज्यांनी ऑगस्टमध्ये मत दिलं नाही त्यांना त्या जागेबाबत प्रत्यक्षात मतच नव्हतं. ठाणेदार आवडोत न आवडोत, हिशोब तो आहे. आपल्या उपनगरांतही अनेक जागांचं असंच आहे, फक्त महिना मार्च.

तर मागणं एवढंच. कायदा बदलला नाही तर 2028 ची इलिनॉय प्रायमरी मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी, म्हणजे 21 तारखेला येते. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. नमुना मतपत्रिका आधी मागवून घ्या आणि खालची नावं फोडणीला तेल तापेपर्यंत तरी वाचा. टेबलापाशी पक्षाचं नाव मोठ्याने घ्यायची लाज वाटत असेल तर घरून टपालाने मतपत्रिका मागवा, अर्जावर चौकोनात खूण करायची असते, आवाज येत नाही.

आणि आपल्यातल्या दोन-चार जणांनी, दोन्ही पक्षांतून, डेलिगेट म्हणून उभं राहावं. त्यासाठी आपल्या मतदारसंघातल्या मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, कागदावर, हाताने, भर थंडीच्या दिवसांत. एका प्रायमरीसाठी एकाच पक्षाच्या अर्जांवर सही करता येते, हे आधी ध्यानात ठेवा. सही आणि पत्ता मतदार नोंदणीशी जुळला पाहिजे. या शहरात सह्यांवर आक्षेप घेणं ही वेगळी कला आहे. 1996 मध्ये ओबामांनी राज्य सिनेटच्या पहिल्या निवडणुकीत सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांवर आक्षेप घेऊन त्यांना मतपत्रिकेवरूनच काढलं आणि प्रायमरी एकट्याने लढवली. म्हणून लागतात त्याच्या दुप्पट सह्या घ्यायच्या.

मागच्या खेपेला मी एका शेजारणीसाठी क्लिपबोर्ड घेऊन फिरले होते. 'आपल्याला कशाला त्यात' असं म्हणत सहा मराठी घरांनी चहा पाजून परत पाठवलं, चार घरांनी सही दिली. पहिली सही माझ्या सासूबाईंची होती. वय 81, इथल्या नागरिक, सही देवनागरीत, नोंदणीतही तशीच. कार्यालयातल्या माणसाने ती बराच वेळ नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहिली. मान वाकडी करून, वरची रेघ कुठे संपते ते बघत. मग पुढच्या ओळीवर गेला. ती सही टिकली.

यंदाही सुरुवात त्यांच्यापासूनच करणार आहे. नंतर तुमच्याकडे येईन. चहा नको, पेन चालणारं ठेवा.

तुमच्यातलीच एक,
नेपरव्हिल, इलिनॉय